बसलेल्यांची सरासरी

नलू, तू गेल्यापासून मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझ्याबद्दल काय काय आलंय ते तू वाचायला हवं होतंस. 'मृदुभाषी, शांत, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या डॉ. नलिनीताई.' मृदुभाषी. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं, म्हटलं दुसऱ्याच कोणाचं असेल. घरून पदार्थ करून आणायच्या पॉटलकला माझ्या अळूवडीला सगळ्यांदेखत 'रबर' म्हणणारी तू, पार्किंगमध्ये दांडग्या माणसाला दटावून गाडी मागे घ्यायला लावणारी तू. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि फोन उपडा ठेवला. तुझी सांगली, तुझं मेडिकल कॉलेज, मग परदेशात विंडसरचं हॉस्पिटल, मग इथलं नॉर्थ यॉर्कचं, भूल देण्यात घालवलेली सगळी वर्षं, ते त्यांनी लिहिलंय आणि त्यांनीच लिहावं. मला तुझ्याशी भांडायचंय. आणि एक बातमी द्यायची आहे, परवाच्या मीटिंगची. पण ती शेवटी. तुला आधी सांगितली की तू पुढचं ऐकत नाहीस.

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरू करते, कारण पवित्रा तेव्हा आली. एजन्सीने तुझ्या आंघोळीला आणि व्यायामाला पाठवलेली बाई. मी रोज सकाळी लिफ्टने दोन मजले उतरून तुझ्याकडे डबा आणायचे, आणि तू तिला शंभर प्रश्न विचारत असायचीस. नेपाळात पोखऱ्याच्या हॉस्पिटलात ती वॉर्डात नर्स होती. मग इस्रायलमध्ये म्हाताऱ्यांची सेवा केली, मग केअरगिव्हर म्हणून इथे आली. गावचं घर भूकंपात पडलेलं, ते पुन्हा उभं करायला ती दोन-दोन शिफ्टा करत होती. इथे ती नर्स नव्हती. इथे ती लोकांच्या पाठी चोळत होती. 'परीक्षा का देत नाहीस?' असं तू तिला तुझ्या त्या दणदणीत हिंदीत विचारलंस, जणू परीक्षा शेजारच्या ग्रोसरीच्या दुकानात मिळते. ती हसली. 'देंगे मॅडम, देंगे,' म्हणाली, आणि तुझा पाय उचलून उशीवर ठेवला.

त्या नवरात्रातला तुझा प्रताप मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू देव मानायची नाहीस, पण आई बसवायची म्हणून घट बसवायचीस, स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात. पवित्राला दशैंसाठी, म्हणजे त्यांच्या दसऱ्यासाठी, जमरा पेरायचा होता. त्यांच्याकडे घटस्थापनेला जव पेरतात, आणि दशमीला घरातली मोठी माणसं धाकट्यांच्या कपाळाला दही-तांदळाचा लाल टीका लावून ते कोंब कानामागे खोचतात. तिच्या बेसमेंटमध्ये भिंतीला ओल होती, पेरलेल्याला बुरशी धरायची. तू म्हणालीस, माझ्याकडे ठेव. तिने तुझ्या कपाटात, विंटर कोटांच्या खाली, मातीचं भांडं ठेवलं, वरून कापड घातलं, आणि कोंब वर आल्यावर ती शनिवार-रविवार दुसऱ्या कामावर गेली.

तुला राहवतंय का? कपाटात 'बिचारं गुदमरतंय' म्हणून तू भांडं उचललंस आणि आपल्या घटाशेजारी उन्हात नेऊन ठेवलंस. सोमवारी ती आली तेव्हा जमरा हिरवागार, अगदी समोरच्या लॉनसारखा. ती बघतच राहिली. मग तुला आई म्हणून हाक मारत हळूच म्हणाली, 'आमा, जमरा तो पीला चाहिए. इसीलिए अँधेरे में रखते हैं.' आणि तू काय म्हणावंस? 'अगं पण आमच्यात उजेडातच उगवतो.'

मी त्या दिवशी तुला काय बोलले ते तुला पक्कं आठवत असणार. म्हटलं, नलू, तुझा स्वभावच हा. दुसऱ्याचं आपल्यासारखं दिसलं रे दिसलं की ते उचलून आपल्या खिडकीत नेऊन ठेवतेस. तू फणकारलीस. पण दशमीला पवित्राने तोच हिरवा जमरा आणला, तुला खुर्चीत बसवलं आणि तुझ्यासमोर वाकली, कारण इथे तिला टीका लावणारं मोठं कोणी नव्हतं. तू टीका लावलास. दही तिच्या नाकावर ओघळलं. मी बघितलंय, नाही म्हणू नकोस.

आता आपलं भांडण. ते आपण तीन हिवाळे भांडलो, गाडीत, मॉलमधल्या वॉकला, तुझ्या बाल्कनीत. तू म्हणायचीस, 'आपण एशियन लोक कष्टाळू. आज हे नेपाळी बेसमेंटमध्ये आहेत, उद्या वर येतील. आपण नाही का आलो?' आणि माझं पित्त खवळायचं. मी म्हणायचे, आपण बेसमेंटमध्ये होतोच कधी? तू विंडसरला उतरलीस तेव्हा हॉस्पिटलने क्वार्टर तयार ठेवलं होतं, फर्निचरसकट. डॉक्टर हवे होते त्यांना. आमच्या ह्यांना कंपनीचा माणूस एअरपोर्टवर घ्यायला आला होता. तू म्हणायचीस, 'मी परत परीक्षा दिल्या, सुधे. लहान पोर पाळणाघरात टाकून दिल्या.' दिल्यास की. पण तुला बसू दिलं, पुस्तकं दिली, अभ्यासाला रजा दिली, आणि अडलीस तर विचारायला वॉर्डात आणखी चार देशी डॉक्टर होते. पवित्राने कोणाला विचारायचं? तिच्या गावचा इथे एक मोमोच्या किचनमध्ये, एक गोदामात, एक रात्रीची ऑफिसं पुसायला.

तुला हे पटायचं नाही. तू बाल्कनीतून यंग स्ट्रीट दाखवायचीस. कोरियन लोकांची दुकानं, चिनी डेंटिस्टची पाटी, इराणी बेकरी, पलीकडे आपल्या लोकांची घरं, दारात दोन-दोन गाड्या. 'बघ, सगळे बाहेरूनच आले ना?' मी म्हणायचे, सगळे एकाच दाराने नाही आले. काही पुढच्या दाराने आले, सूटकेस उचलायला माणूस होता. काही मागच्या दाराने आले आणि आल्या आल्या त्यांना मॉप हातात दिला. त्यावर तू म्हणायचीस की सुधाला कशातही दुःख दिसतं. मी म्हणायचे की डॉक्टरांना भूल देण्याची सवय असते. मग आपण कॉफी प्यायचो.

मग ती कम्युनिटी सेंटरची मीटिंग आली. तिथे संध्याकाळी बाहेरून आलेल्या नर्सेससाठी वर्ग चालायचा, इंग्रजी आणि परीक्षेची तयारी. तुझ्याच तगाद्याने पवित्रा तिथे जायला लागली होती, कामावरून थेट, डोळ्यांवर झोप घेऊन. आणि तो वर्ग बंद होणार असं आपल्याला कळलं. वरून सांगण्यात आलं होतं की या भागातल्या एशियन कुटुंबांची सरासरी उत्तम आहे, यांना आता मदतीची गरज नाही. तू आधी म्हणालीस, 'खरंच आहे ते, आपले लोक छान चाललेत.' मी गाडीतून उतरून बसने घरी जाणार होते. बाहेर बर्फ होतं म्हणून नाही उतरले. एवढंच विचारलं, 'आपले म्हणजे कोण, नलू?' तू वायपर उगाच जोरात केलेस.

तरी मीटिंगला आलीस. तुझी ती राखाडी कांजीवरम, वर जाड पार्का कोट, पायात स्नो बूट. हॉलमध्ये आपले मंडळातले सगळे, चिनी आजोबा, कोरियन चर्चमधल्या बायका, आणि मागच्या रांगेत पवित्रा, तिच्या मैत्रिणी आणि त्यांच्याकडची इतर नेपाळी माणसं, काही जण कामाच्या कपड्यांत. मॅनेजर डेब्रा चांगली बाई आहे, तिच्या हातात फारसं काही नव्हतं. तिला वाटलं तुझा गौरव केला की हॉल शांत होईल. ती म्हणाली, 'आता डॉक्टर नलिनींचंच बघा. खिशात काही नसताना या देशात आल्या आणि आज कुठे पोचल्या.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तुझ्याकडे बघितलं, कारण मला माहीत होतं आता काहीतरी होणार. तुझा कान लाल झाला होता.

तू माइक न घेता उठलीस. तुला माइक कधी लागलाय? 'खिशात काही नव्हतं हे खरं,' तू इंग्रजीत म्हणालीस, 'पण बॅगेत डिग्री होती, आणि तुमची हॉस्पिटलं माझी वाट बघत होती. हे मला विसरायला झालं होतं. माझी मैत्रीण तीन वर्षं आठवण करून देते आहे, आणि मी ऐकत नाही.' मग तू हॉलवर नजर फिरवलीस, ऑपरेशन थिएटरमध्ये फिरवत असशील तशी, आणि म्हणालीस, 'एक काम करा. जे शिकून इथे आलात, तेच काम ज्यांना इथे करायला मिळालं, त्यांनी कृपा करून उभं राहा.'

खुर्च्या सरकल्या. आपले सगळे इंजिनिअर उठले, ढेऱ्या सावरत. चिनी अकाउंटंट उठले, तो कोरियन फार्मासिस्ट उठला, दोन डेंटिस्ट उठले. निम्मा हॉल उभा, सगळे एकमेकांकडे बघून हसतायत, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखे. आपल्यातलेही काही बसून राहिले. तो लुधियानाचा गुरांचा डॉक्टर, जो टॅक्सी चालवतो. आपल्या मंडळात नाटकात काम करणारी ती कॉलेजची पोरं, जी रात्री डिलिव्हरी करतात. पण मागची रांग, नलू. ती अख्खी बसलेली. नर्स, शाळामास्तर, शेतकी खात्यातला ऑफिसर, रस्ते बांधणारा ओव्हरसियर. पोखरा, गोरखा, चितवन. एकही खुर्ची हलली नाही. पवित्रा मांडीवरच्या पर्सकडे बघत होती.

तू डेब्राला म्हणालीस, 'जे उभे आहेत त्यांच्यामुळे तुमची सरासरी वर गेली आहे. माझ्यामुळे गेली आहे. आम्हाला वगळा. आता बसलेल्यांची सरासरी काढा, आणि मग सांगा वर्ग बंद करायचा का.'

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उभ्या असलेल्या लोकांना कळेना बसावं की काय करावं. डेब्राने पेन खाली ठेवलं. आणि त्याच वेळी तुझी नजर माझ्यावर आली, कारण तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी बसलेली होते.

मग आपण गाडीतून घरी निघालो. शेपर्डचा सिग्नल लागला तेव्हा म्हणालीस, 'सुधे, तू का उठली नाहीस? गुडघा दुखतोय का?' मला एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, गुडघा नाही गं बाई. मी अमरावतीला गणित शिकवत होते. नववी-दहावी. इथे आल्यावर सांगितलं, ही डिग्री चालायची नाही, कॉलेज पहिल्यापासून करा. पोरं लहान, ह्यांची नोकरी फिरतीची. मग शाळेतच लागले की मी. फक्त वर्गात नाही, कॅफेटेरियात. वर्षानुवर्षं सँडविचं दिली त्या पोरांना, आणि फळ्यावरचं गणित दारातून दिसायचं. तू प्रत्येक पार्टीत सगळ्यांना सांगायचीस, 'आमची सुधा शाळेत आहे.' मी दुरुस्त करायचे नाही. माझं घर मोठं, गाडी नवी, पोरं शिकलेली. सरासरीत मी उत्तम बसते.

सिग्नल हिरवा झाला, मागचा हॉर्न वाजवायला लागला, आणि तू तशीच स्टिअरिंग धरून बसलीस. 'चल की आता,' मी म्हटलं. तू गाडी काढलीस. सॉरी म्हणाली नाहीस. तू कोणाला म्हणाली होतीस म्हणा.

पण रविवारी सकाळी तुझा फोन आला. वर्ग वर्षभरासाठी वाचला होता, पुढच्या वर्षी पुन्हा बघू या अटीवर. तू म्हणालीस, 'मंगळवारी संध्याकाळी तयार राहा. त्या पोरींना डोसचं गणित जमत नाही. किती मिलिग्रॅम, किती मिली, थेंब किती. मी शिकवायला जाते आणि ओरडते. तू ओरडत नाहीस.' मी म्हटलं, मला सर्टिफिकेट नाही. तू म्हणालीस, 'कोणी मागितलं?' आणि फोन ठेवलास.

नलू, त्या पहिल्या मंगळवारी मी हातात मार्कर घेतला. बोर्ड पांढरा, मार्कर निळा, सवय हिरव्या-काळ्या फळ्याची आणि खडूची. मग मी त्रैराशिक मांडलं, आपलं साधं शाळेतलं त्रैराशिक, आणि पवित्राच्या चेहऱ्यावर उजाडलं. तिलाही ते तसंच शिकवलं होतं, पोखऱ्याच्या शाळेत. इथल्या पुस्तकातल्या सूत्राने ती गोंधळत होती. त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, काय गं, लॉटरी लागली का? मी म्हटलं, हो.

वर्षभर आपण तिघी. तू रोग आणि औषधं, मी गणित, आणि पवित्राच्या डब्यातलं आंबवलेल्या पाल्याचं गुंद्रुक, जे तुला आवडायला लागलं आणि मला अजून नाही. पहिल्या वेळी ती थोडक्यात राहिली. तू तिला जवळ घेतलंस, आणि मग तीच पुस्तकं तिच्यासमोर परत उघडून ठेवलीस. दुसऱ्या वेळी ती पास झाली. निकाल तिने तुझ्या सोफ्यावर बसून फोनवर बघितला, आणि तिच्याआधी तू किंचाळलीस. मग तू लिफ्टमध्ये उभी राहून, वर-खाली करत, चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला बर्फी दिलीस. त्या रशियन म्हातारीला कळेना कोणाचं लग्न आहे. तू तिला म्हणालीस, 'आमची मुलगी नर्स झाली.' आमची म्हणालीस. या वेळी मी भांडले नाही.

तुझ्या शेवटच्या आजारपणात तू हॉस्पिटलमध्ये होतीस तेव्हा ती ड्यूटी संपवून दुसऱ्या हॉस्पिटलातून तुला भेटायला यायची, युनिफॉर्म न बदलता. मुद्दाम बदलायची नाही, मला माहीत आहे. तू तिचं गळ्यातलं कार्ड हातात धरून मोठ्याने वाचायचीस, 'रजिस्टर्ड नर्स,' आणि रोज स्पेलिंग तपासायचीस. तुझी नर्स फिलिपिनो होती. तिला तू विचारलंस, तू तिकडे काय होतीस? ती म्हणाली, नर्सच. इथे परत व्हायला आठ वर्षं लागली. तू माझ्याकडे बघितलंस. 'आणखी एक उभी राहिली,' म्हणालीस.

'तू बरोबर होतीस' असं मात्र तू मला शेवटपर्यंत म्हणाली नाहीस. हॉलमधल्या शंभर माणसांसमोर सांगितलंस, माझ्यासमोर नाही. शेवटच्या आठवड्यात मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणालीस, 'सुधे, माझं पाणी दे.' मी पाणी दिलं. 'तू मला वर्गात परत नेलंस' हे एक वाक्य माझ्याकडेही होतं, आणि ते मला तुझ्या तोंडावर सांगता आलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, 'बरं, आता रडू नको, नळ्या ओल्या होतील.' म्हणून इथे लिहिते. तू मला वर्गात परत नेलंस, नलू. मी हे नातवंडांनाही सांगितलंय. ती म्हणाली, 'दॅट्स सो कूल, आज्जी,' आणि परत फोनमध्ये गेली.

आता बातमी. वर्गाला मध्ये आणखी एक वर्ष मिळालं होतं; परवा त्याची या वर्षाची मीटिंग झाली, चालू ठेवायचा की नाही ठरवायला. तुझी खुर्ची मी पर्स ठेवून अडवली, कोणाला बसू दिलं नाही. तुझ्यासाठी सगळे मिनिटभर गप्प उभे राहिले. मग सगळे बसल्यावर डेब्रा म्हणाली, 'डॉक्टरांचा प्रश्न मी या वर्षी पुन्हा विचारणार आहे, त्यांच्याच शब्दांत.' आणि तिने विचारला. जे शिकून आलात, तेच काम ज्यांना इथे मिळालं, त्यांनी उभं राहा.

आपले इंजिनिअर उठले. फार्मासिस्ट उठला. मी मागे वळून बघत होते, नलू, मला पुढच्यांशी घेणं नव्हतं. मागच्या रांगेत एक खुर्ची सरकली. पवित्रा उभी राहिली. गळ्यात कार्ड, पर्स खाली ठेवलेली, मान ताठ. तिच्याशेजारची सरिता उभी राहिली, तिचीही परीक्षा झाली आहे. बाकीची रांग अजून बसलेली आहे, खोटं कशाला सांगू. पण त्या बसलेल्यांनी त्या दोघींसाठी टाळ्या वाजवल्या आणि त्या थांबेनात. डेब्राने तिथेच सांगितलं, वर्ग चालू राहणार, आणि बसलेल्यांसाठी आणखी एक संध्याकाळ वाढवणार.

मी टाळ्या वाजवत होते, बसूनच, सवयीने. तेवढ्यात पवित्राने मागून हाक मारली. 'सुधा आंटी,' म्हणाली. 'तपाईं पनि. उठ्नुस्.' तुम्हीपण, उठा. मी मान हलवली. म्हटलं, मला कुठे पगार आहे, मी तर मंगळवारची येते. ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाली, तुझाच आवाज काढून, 'व्हू टॉट मी मॅथ?'

गुडघा खरंच दुखत होता, नलू. तुझ्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीला धरलं आणि उभी राहिले.